खोली एकच, जीव दोन

ऐका तर, त्या प्राणिसंग्रहालयात हवी तेवढी थंड किंवा, हीटर लावला की, गरम राखता येईल अशी खोली एकच, आणि ती कुणाला द्यायची हे साहेबांनी चक्क लोकांच्या मतांवर सोडलं. मोबाइलवर दोन फोटो टाकले. एक सॅलमँडरचा, पालीसारखा तोंडवळा, बुळबुळीत अंग, बेडकांचा भाऊबंद, जगात आता मोजकेच उरलेले. दुसरा कांगारूच्या गोतावळ्यातल्या मुठीएवढ्या पिल्लाचा; आईवेगळं, बटणासारखे डोळे. आता मला सांगा, निकाल काय लागणार होता?

सॅलमँडरकडे बघायची वहिनी, पिल्लाकडे तिची नणंद. घर एक, नोकरीही एक. निकालाच्या दिवशी जेवताना नणंदेने टोमणा मारलाच, की तुझ्या बुळबुळ्याला त्याच्या आईनेसुद्धा मत दिलं नसेल. वहिनीने घास गिळला, राग काही गिळवेना.

कारण सकाळीच तिला दिसलं होतं, त्याच थंड खोलीतल्या टाकीत सॅलमँडरच्या मादीने पाण्यातल्या पानांना अंडी चिकटवली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हलवली की गेली, पाणी कोमट झालं की गेली. ती तडक साहेबांकडे गेली होती. साहेब म्हणाले, हीटर आणून ठेवलाय, आणि अंडी बघायला तिकीट काढून कोण येतंय?

"सौंदर्यस्पर्धा आहे का ही?" वहिनी म्हणाली. "देखणा नाही त्याने मरायचं?"

साहेबांनी फोन कानाला लावला.

दुसऱ्या दिवशी वायरमन हीटर घेऊन हजर, तर वहिनी दारात आडवी. नणंदेला बोलावलं, समजूत घालायला. ती तणतणत आत गेली, टाकीवर वाकली. पानापानावर काचेसारखे थेंब, प्रत्येकात एक काळा ठिपका.

ती गेली ती परत आली गळ्यात लोकरीची पिशवी अडकवून, आत पिल्लू. आईवेगळी पिल्लं आम्ही अशीच वाढवतो, याला माझी ऊब पुरते, असं तिने वायरमनला सांगितलं, आणि हीटर साहेबांच्या केबिनमध्ये लावायला पाठवून दिला.

वहिनीने आभारबिभार मानले नाहीत. विचारलं फक्त, "मत कुणाला दिलं होतंस?"

"यालाच." नणंदेने पिशवीवर हात ठेवला. "पण वहिनी, हरेल तो मरेल, हे कुठे लिहिलं होतं गं त्या फोटोखाली?"