दहा दिवसांची राखण

चिखलीच्या चिमाजीची निम्मी जमीन कारखान्यात गेली होती आणि उरलेल्या निम्मीतून लोकांनी पायवाट पाडली होती. पहिल्या शिफ्टची माणसं, गवताला जाणाऱ्या गावकुसाबाहेरच्या वस्तीवरच्या बाया, सगळे त्याच्याच रानातून जात. चिमाजीला ते सलायचं. वस्तीवरच्या बाया गेल्या की जास्तच सलायचं. म्हणून १९७८ साली, बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून त्याने अल्सेशियन जातीचं पिल्लू मागून आणलं आणि त्याचं नाव सुलतान ठेवलं.

वर्षभरात सुलतान अंगापिंडाने दांडगा झाला. तो तिखट व्हावा म्हणून चिमाजी त्याला ठेचा माखलेली भाकरी घाली, हातभर साखळीने उन्हात बांधून ठेवी आणि वाटेने कोणी निघालं की काठीने डिवचून अंगावर घाली. अशाने जनावर बिघडेल, असं बायको अंबुबाई सांगून थकली. हळूहळू वाट ओस पडली. चिमाजीला वाटलं, आपण जिंकलो.

मग एका सकाळी साखळीची कडी निखळली. वस्तीवरची आक्काबाई गवताचा भारा घेऊन चालली होती. सुलतानने तिची पोटरी फोडली.

तिचा मुलगा भीमराज कंपनीत लेथवर कामाला होता. रात्रपाळी करून तो नुकताच घरी आला होता. दहा-बारा माणसं आणि हातात पहार घेऊन तो रानात शिरला. माझ्या रानात बाई आलीच का, असं चिमाजी आधी ओरडला. पण माणसं वाढत गेली, तशी त्याने स्वतःच कुऱ्हाड उचलली. कुत्रं मेलं की तंटा मिटला!

कुऱ्हाडीचा दांडा धरला तो बिरू धनगराने. त्याची मेंढरं खतासाठी शेजारच्या रानात बसली होती.

"मारू नगा," तो म्हणाला. "दहा दिस ह्ये धडधाकट राहिलं, तर पिसाळल्यालं न्हाई. आज मारलं तर त्या माउलीच्या जिवाला घोर लागंल."

आक्काबाईला सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरही तेच बोलले. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक; दहा दिवसांनी कुत्रं ठणठणीत असेल तर उरलेली नकोत. रानात परतल्यावर भीमराजने पुन्हा पहार उचलली नाही. "दहा दिवस," तो चिमाजीला म्हणाला. "अकराव्या दिवशी मी येतो."

गोठ्याच्या कोपऱ्यात दात विचकून बसलेल्या सुलतानजवळ जायची मालकाचीही छाती होईना. बिरू मात्र त्याच्याकडे न बघता, थोडा बाजूला, पाठमोरा बसला. साधी भाकरी मोडून टाकत राहिला. तासाभराने कुत्रं त्याच्या मांडीशी आलं. त्याने हळूच पट्टा सोडवला आणि चिमाजीला जवळ बोलावलं. पट्टा मानेच्या मांसात रुतला होता. आत अळ्या वळवळत होत्या.

"माज्याकडं याच्याएवढीच दोन हायती," बिरू म्हणाला. "कोकरं त्येंच्या अंगाला टेकून निजत्यात. राखणीचं जनावर मायेनं राखतं, चिमाजी. ज्याला आपलं म्हनावं असं कायच न्हाई, ते राखनार काय? ते नुसतं चावनार."

चिमाजी उठून पाण्याची बादली घेऊन आला.

त्या दिवसापासून तो सुलतानची जखम धुऊ लागला. दूधभाकरी, सावली, दोन वेळा दोर लावून फेरी. बिरूने सांगितलं तसं सगळं त्याने केलं. रोज सकाळी तो आक्काबाईला सायकलवर बसवून दवाखान्यात नेई. तोवर त्याने वस्तीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथे त्याला कोणी पाणीही विचारलं नाही. त्याने तरी कोणाला कधी विचारलं होतं?

अकराव्या दिवशी भीमराज आला, मागोमाग लंगडत आक्काबाई. सुलतान उठून गुरगुरला. चिमाजीने पाठीवर हात ठेवून 'बस' म्हटलं, तसा तो बसला.

आक्काबाईने कुत्र्याकडे निरखून पाहिलं, मग मालकाकडे. "हा मुका जीव," ती म्हणाली. "त्याला काय ठावं, कोन कुन्या वस्तीचं! ते तू शिकवलंस. दात त्येचे, पर चावलास तू."

चिमाजीची मान खाली गेली. त्याने हात जोडले. भीमराज आईला घेऊन परतला.

महिन्याभरात चिमाजीने सुलतानला मोकळं फिरता येईल असं तारेचं आवार घातलं आणि पायवाट स्वतःच्या हाताने साफ करून दिली. बाया पुन्हा त्या वाटेने जाऊ लागल्या. आक्काबाईही जाई, पण चिमाजीशी ती पुढे कधी बोलली नाही. तेही त्याने निमूट सोसलं.

बंधुभगिनींनो, दांडगं कुत्रं दारात बांधणं सोपं आहे, त्याला सांभाळणं ही जबाबदारी आहे. त्याला पोटभर खाऊ घाला, माया लावा, शिस्त लावा. आणि आपल्या मनातलं वैर राखायला त्याला बसवू नका. कारण त्याचा चावा दुसऱ्याला बसतो, पण पाप मालकाचंच असतं!