श्वापदाची शिंगे आणि सुवार्तेची सोयरीक

फाल्गुन उतरणीला लागला होता. प्रवरेचे पात्र कृश होऊन रुपेरी धाग्यासारखे वाहत होते. काठावरच्या पळसांना ज्वालावर्ण बहर चढला होता आणि खळ्याखळ्यांतून उडणारी ज्वारीची पिवळी धूळ उन्हात सुवर्णधुक्यासारखी तरंगत होती. सृष्टी निश्चिंत होती. संपण्याची तिला मुळीच घाई नव्हती.

घाई होती ती शांतवन शिरसाठ गुरुजींना.

शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजी जे बायबलातल्या जगाच्या अंताच्या भविष्यवाण्यांच्या अरण्यात शिरले, ते बाहेर आलेच नाहीत. दानीएलाच्या ग्रंथातला सुवर्णशीर्ष पुतळा त्यांच्या ओसरीवर जणू मुक्कामाला आला होता. प्रकटीकरणातल्या सप्तशीर्ष श्वापदाच्या शिंगांवर ते सकाळी वर्तमानपत्रातले राजे बसवीत आणि संध्याकाळच्या बातम्या ऐकून उतरवीत. कुठे धरणीकंप झाला की त्यांचे डोळे उजळत. कुठे युद्ध पेटले की ते बायकोला हाक देत, "मार्था, ऐकलंस का? अंत जवळ आला!"

आणि मार्थाबाई चुलीपुढून म्हणत, "येऊ द्या. नळाला पाणी आलंय, ते आधी भरा."

किती अंत आले, किती अंत गेले! एका अंतासाठी गुरुजींनी रान पेरलेच नाही. जग टिकले, घरात मात्र दाणा आला नाही. दुसऱ्या अंतासाठी छपराची फुटकी कौले तशीच राहिली. आकाश कोसळले नाही, पण सारा पावसाळा ते थेंबाथेंबाने घरात उतरले. प्रत्येक अंतानंतर गुरुजी चष्मा पुसून म्हणत, "अर्थ लावण्यात चूक झाली." आणि मार्थाबाईंच्या मनात वैतागाचा आणखी एक थर काजळीसारखा चढे.

आज जालन्याहून आढाव मंडळी आली होती. त्यांच्या मुलाशी गुरुजींच्या लेकीचे, सुवार्तेचे जमले होते. उरली होती ती फक्त लग्नाची तारीख. अबोली रंगाची साडी नेसून, केसांत शेवंती माळून लेक आतल्या दारापाशी उभी होती, उमलत्या उषेसारखी.

आढाव म्हणाले, "गुरुजी, ईस्टर झाला की धरू या?"

गुरुजींनी डोळे मिटले. "आढाव, हे वर्ष पुरं व्हायचं नाही. नोहाच्या काळातही माणसं अशीच लग्नं लावत बसली होती, आणि जलप्रलय आला. तारीख कसली धरता?"

आढावबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मुलगी द्यायची नव्हती, तर सरळ सांगायचं होतं गुरुजी. जय ख्रिस्त." आणि मंडळी उठून एसटीच्या थांब्याकडे निघाली.

सुवार्ता आत गेली. ती केसांतली शेवंती काढू लागली. एक फूल, मग दुसरे फूल, अगदी सावकाश.

ते पाहिले मात्र, आणि मार्थाबाईंचा बांध फुटला.

"अहो, नोहानं तारवात कुणाला घेतलं? पोरांना, आणि सुनांना! प्रलय येणार हे ठाऊक असूनही त्यानं पोरांचे संसार अडवले नाहीत. तुम्ही कोण लागून गेलात?"

गुरुजींचे ओठ हलले. आवाज आला तो अगदी खोलातून. "मला योहानला भेटायचंय गं."

योहान. थोरला लेक. भर तारुण्यात पुराने नेलेला. साऱ्या शिंगांमागे, साऱ्या भविष्यवाण्यांमागे तीच एक आर्त, अनाथ आस होती, की अंत यावा, थडगी उघडावीत आणि पोर समोर उभे राहावे. मार्थाबाईंना हे ठाऊक होते. वर्षानुवर्षे ठाऊक होते. म्हणूनच तर संताप असा जळत जळत डोळ्यांत आला.

"माझ्या पोटचा नव्हता का तो? मला नाही भेटायचं? पण त्याच्यासाठी सगळं जग बुडवू का मी? आणि ही? ही जिवंत आहे, हाच हिचा गुन्हा?"

गुरुजी उठले. वहाणा घालायचेही त्यांना सुचले नाही. तापल्या फुफाट्यातून ते शुभ्रकेशी शरीर धडपडत, धापा टाकत धावले. एसटी लागलेली होती. आढावांचा पाय पायरीवर होता.

"आढाव! थांबा!" गुरुजींनी हात जोडले. "चुकलं माझं. माझ्या लेकीची सोयरीक मोडू नका."

आढावांनी पाय खाली घेतला.

ईस्टरनंतरचा शनिवार ठरला. चहा पुन्हा उकळला. गुरुजींना मात्र राहवेना. "जमल्यास जरा अलीकडची धरा. म्हणजे..."

"म्हणजे काय?" मार्थाबाईंचा आवाज विळ्यासारखा आला.

"म्हणजे... ऊन वाढायच्या आत."

आढावबाई पदरात हसल्या. मार्थाबाईंनी कपाळाला हात लावला.

पाहुणे गेले. सूर्य कलला. अंगणातल्या दगडावर गुरुजी बसले होते, पोळलेले तळवे पुढे करून. आणि सुवार्ता तांब्यातून त्यांच्या पायांवर पाणी ओतत होती. थंड पाणी ओघळत होते, लाल धूळ ओघळत होती, म्हाताऱ्या डोळ्यांतूनही काही ओघळत होते. आणि मावळतीचा जास्वंदी प्रकाश अंगणभर हळूहळू, हळूहळू निवत होता.