कोपराच्या मापाचा ओटा

मिस्त्रीने जन्मभर लोकांची स्वयंपाकघरं सजवली आणि स्वतःचं मात्र होतं तसंच ठेवलं. त्याच्या बायकोने, जिला सगळी गल्ली मिस्त्रीणच म्हणायची, टोमणे मारायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. "लोकांकडचे ड्रॉवर बोट लावलं की सरकतात, आणि माझ्या कपाटाच्या दाराला रोज विनवण्या कराव्या लागतात!" मिस्त्री हसायचा. "हातातलं एवढं काम उरकलं ना, की आपलंच!" ते एवढं काम काही उरकलं नाही.

मग आठ महिन्यांपूर्वी मिस्त्रीणीला झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू वळणावर आला, वॉकर धरून ती चालायला लागली. उजवा हात मात्र रुसून बसला तो बसलाच. मिस्त्रीने कामं घेणं बंद केलं, कंबर कसली आणि स्वयंपाकघरात शिरला. चहा हातात, ताट हातात, औषध हातात. तिने नुसतं ओट्याकडे पाहिलं तरी हा धावत यायचा, "अगं, तू बस बघू. मी आहे ना!" तळहाताच्या फोडासारखं जपायचा तिला.

तिला काय हवं होतं, सांगू? एक कप चहा. आयता नव्हे, तिने स्वतः केलेला, आणि तो त्याच्या हातात द्यायचा. बस्स. पण बिचारा एवढा राबतोय, त्याचं मन कशाला मोडा, म्हणून ती गप्प राहायची.

आणि एका सकाळी मिस्त्रीने जाहीर केलं, "आता आपलंच स्वयंपाकघर!" मिस्त्रीण हरखली. नवा ओटा म्हणजे आपल्याला परत आत जाता येणार, हे तिने मनाशी धरूनच टाकलं.

मिस्त्रीचा कागदावर विश्वास नव्हता. तो आखायचा जमिनीवर, खडूने, खऱ्या मापात. मग ज्या बाईचं स्वयंपाकघर, तिला त्या रेघांमध्ये उभं करायचा आणि खोटाखोटा स्वयंपाक करायला लावायचा. जिथे ती अडखळेल तिथली रेघ ओल्या फडक्याने पुसायची आणि नवी मारायची. ओट्याची उंची तर तो टेपने कधी घ्यायचाच नाही. बाईला कोपर वाकवायला सांगायचं, कोपराखाली चार बोटं सोडायची आणि तिथे लाकडी पट्टी कापायची. प्रत्येक घराची पट्टी वेगळी.

त्याने बाहेरच्या खोलीतलं सामान हलवलं आणि आठ फूट बाय सहा फुटांचं स्वयंपाकघर फरशीवर उभं केलं. मिस्त्रीण खुर्चीवरून बघत होती. "हा ओटा. हे सिंक. शेगडी खिडकीपाशी, डबे वरच्या फळीवर." तो हात उंचावून हवेतले डबे काढायला लागला. "दोन पावलांत सगळं हाताशी! कसं वाटलं?"

"झकास," ती म्हणाली. "आणि मी कुठे?"

"तू? तू इथे, राणीसारखी!" त्याने दाराच्या रेघेबाहेर बोट दाखवलं. "मस्त खुर्ची टाकू. बसायचं आणि हुकूम सोडायचे."

मिस्त्रीणीने दाराच्या रेघेकडे पाहिलं. तेवढ्यात तिला भिंतीशी टेकवलेली, नव्या ओट्यासाठी कापलेली पट्टी दिसली. ती वॉकर धरून उठली, पट्टीपाशी गेली आणि डावं कोपर वाकवून शेजारी उभी राहिली. पट्टी कोपराखाली राहायची सोडून चांगली दोन बोटं वर गेली होती.

"अहो, ही कुणाच्या मापाची?"

मिस्त्रीने पट्टीकडे पाहिलं, मग स्वतःच्या कोपराकडे. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. परक्या बायकांना उभं केल्याशिवाय त्याने कधी पट्टी कापली नव्हती. आणि घरच्या बाईला त्याने विचारलंसुद्धा नव्हतं.

"माझंच माप घेतलं गं मी," तो म्हणाला आणि मटकन फरशीवर बसला. "लक्षातच आलं नाही."

"तुम्ही मला जपता, ते काय मला कळत नाही?" मिस्त्रीणीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "पण जपता जपता तुम्ही मला माझ्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढलंत हो. मला चहा करायचाय. तुमच्यासाठी. एक कप."

"आणि हात भाजला म्हणजे?"

"भाजला तर फुंकर घाला! नवरे कशाला असतात?"

मिस्त्री उठला, फडकं भिजवून आणलं आणि सगळ्या रेघा पुसून टाकल्या. मग तिची खुर्ची ओढत खोलीच्या मधोमध आणली. "बस. कोपर वाकव. उजवं की डावं?"

"डावं. आता घरात तेच कमावतं आहे."

त्याने चार बोटं सोडून खूण केली आणि पट्टीचा मोठा तुकडा करवतीने उडवला. मग खिडकीपाशी बुटका ओटा आखला, खाली गुडघे जातील असा मोकळा. नळ आणि शेगडी अगदी शेजारी शेजारी. "पातेलं उचलायचंच नाही, नुसतं सरकवायचं. चहा-साखर डाव्या ड्रॉवरमध्ये." तिची खुर्ची त्याने रेघांच्या आत सरकवली आणि स्वतः समोर फरशीवर मांडी घातली. "हं, करून बघ."

मिस्त्रीणीने डाव्या हाताने हवेतलं पातेलं नळाखाली धरलं, सरकवलं, शेगडी पेटवली. चहा टाकला, साखर टाकली. उकळी यायची वाट बघत बसली, मिस्त्रीही बसला. मग तिने कप भरला आणि पुढे केला.

मिस्त्रीने तो दोन्ही हातांनी घेतला, फुंकर घातली आणि घोट घेतला.

"साखर कमी आहे," तो म्हणाला आणि आणखी एक घोट घेतला.

"डॉक्टरांनी तेवढीच सांगितलीय," तिने डोळे पुसले. "आणि उद्याच काम सुरू करा. आठ महिने तुमच्या हातचा चहा पितेय, आता माझ्याने होत नाही."