चार सेंटिमीटरवरचा दुसरा ठिपका

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी इरम्मा माझ्या शेजारच्या पलंगावर दुसऱ्यांदा झोपल्या. त्यांच्या उजव्या स्तनात सहा मिलिमीटरचा एक ठिपका शोधायचा होता.

मित्रांनो, मी उमरग्यातल्या एका दवाखान्यातले जुने सोनोग्राफी यंत्र आहे. तुम्हाला ऐकू न येणारा आवाज मी शरीरात सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढते. अकरा वर्षांत हजारो बाळांची धडधड मी त्यांच्या आयांना पहिल्यांदा दाखवली. तेव्हा माझे फार कौतुक व्हायचे. पुढे शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले. गरोदर बायका तिकडे गेल्या आणि माझ्यावर चादर पडू लागली.

तरी सोनोग्राफीला आलेली बाई गरोदरच असणार, असे लोक धरून चालतात. तीन आठवड्यांपूर्वी चव्वेचाळीस वर्षांच्या इरम्मा बाहेर बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या पोरीने विचारले, "मावशी, कितवा महिना?"

"महिना न्हाय गं, गाठ हाय."

थोरल्या जाऊबाई लक्ष्मीबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "आन् म्या बारशाचं लुगडं काढून ठिवलंय की!"

"नेसा की अक्का, म्या बरी झाल्यावर," इरम्मा हसल्या.

त्या दिवशी मी गाठ अठरा मिलिमीटरची मोजली. सुईने काढलेल्या तुकड्यात कर्करोग निघाला. इरम्मांनी एकच विचारले, "छाती ठिवता येईल का?" गाठ एकच असेल, तर ती भोवतीच्या थोड्या निरोगी भागासह काढायची आणि नंतर किरणोपचार द्यायचे, स्तन राहतो, असे सर्जनांनी सांगितले.

पण गाठ एकच आहे का? मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, कर्करोगाची खूण असू शकणारे चुन्याचे बारीक कण पकडते. ते मला नीट दिसत नाहीत. मात्र इरम्मांचा स्तन दाट. एक्स-रेवर दाट भागही पांढरा आणि गाठही पांढरी, त्यामुळे कडा कळेना. एमआरआय सगळ्यांनाच लागतो असे नाही, इथे लागला. सोलापूरच्या एमआरआयने कडा स्वच्छ दाखवल्या, आणि गाठीपासून चार सेंटिमीटरवर दुसरा ठिपकाही.

म्हणून मंगळवारी माझ्यावरची चादर निघाली. डॉक्टर वर्षाराणी यांनी माझा प्रोब, म्हणजे तारेला जोडलेला, अंगावर टेकवायचा भाग, दोनदा फिरवला. ठिपका सापडेना.

"कशाला हुडकत बसता, म्याडम?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "समदंच काढून टाका. कटकट न्हाय."

"अक्का, तुमचं न्हाय ते, माझं हाय."

"एमआरआयला दिसतं ते सगळं कर्करोगच असतं असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुकडा तपासल्याशिवाय काही ठरवायचं नाही." मग त्यांनी विचारले, "ताई, सोलापूरला तुम्हाला कसं झोपवलं होतं?"

"पालथं."

पालथे झोपल्यावर स्तन खाली लोंबतो, उताणे झोपल्यावर पसरतो. ठिपका हरवला नव्हता, सरकला होता. डॉक्टरांनी इरम्मांना थोडे कुशीवर वळवले आणि बगलेकडे दोन बोटे सरकून प्रोब टेकवला. माझ्या पडद्यावर छोटा काळसर ठिपका उमटला. तो एमआरआयमधलाच, हे आकार आणि खोली ताडून डॉक्टरांनी ठरवले. तुकडा काढायची सुई त्यात शिरताना मी शेवटपर्यंत दाखवली.

मित्रांनो, मी जुने आहे, पण निकामी नाही. काम झाले की माझ्या प्रोबवरची जेली मऊ कापडाने पुसा, तार ओढू नका, प्रोब खाली पडू देऊ नका. त्यातला एक भाग बिघडला तरी पडद्यावर काळी रेघ येते. सहा मिलिमीटरचे काहीही त्या रेघेत सहज लपेल, आणि ते कुणाचे तरी असेल.

शस्त्रक्रिया सोमवारी आहे. दुसरा ठिपका साधा निघाला, तर फक्त गाठ काढतील. कर्करोगाचा निघाला, तर स्तन ठेवायचा की नाही, हे सर्जन इरम्मांशी बोलून नव्याने ठरवतील. शुक्रवारी दुपारी चार वाजता इरम्मांनी फोन करून विचारले. तुकड्याचा अहवाल आलेला नव्हता.