मागच्या सीटवरचं मौन

“मागचे शॉकअप बदलून घे. मग श्रीशैलला जा, पण गाडीवरच. बसनं नको.”

यजमान विरूपाक्ष जाऊन दोन वर्षं झाली, तरी लेकीने त्यांची गाडी सुरू केली की रत्नम्माला आधी हेच ऐकू येई. निवृत्तीनंतर लांबच्या प्रवासासाठी म्हणून त्यांनी ही जड मोटारसायकल घेतली होती. पहिल्याच खेपेला देगलूरच्या पुढे रत्नम्माची कंबर धरली आणि मल्लिकार्जुनाचं दर्शन न घेताच दोघं उदगीरला परतली. शेवटच्या आजारात दवाखान्याच्या खाटेवरून त्यांनी एवढं सांगितलं, आणि ती “हाव, जाते” म्हणाली होती.

लेक अंबिका नांदेडला बँकेत; रत्नम्मा आता तिच्याकडेच राही आणि गाडीही तीच चालवे. आज श्रीमंत नावाच्या मिस्त्रीच्या दारात तेल गळणारे जुने शॉकअप निघाले, नवे गॅसचे बसले.

“मावशी, मागं बसा बरं. कसं वाटून राहिलंय?”

सोमवार होता. सोमवारी दिवस मावळेपर्यंत रत्नम्माचं मौन असे, लग्नाआधीपासूनचं व्रत. अंबिका फोनवर बोलत बाजूला गेलेली. रत्नम्माने तळहात उचलला. बरंय, राहू दे, असं तिला म्हणायचं होतं.

“अजून वर? देतो की.” श्रीमंतने पाना लावून स्प्रिंग आवळली; सीट वर आली, कडकही झाली. तिने घाईने पुन्हा हात केला. त्याने पुन्हा आवळली.

“तुमच्या आई लई चोखंदळ हायत, ताई,” अंबिका आल्यावर तो म्हणाला. “मनासारखं करून घेतलं, अन् तोंड उघडलं न्हाई.”

बघावं तरी, म्हणून मायलेकी कंधारच्या रस्त्याला लागल्या. एकेक खड्डा थेट मणक्यात जात होता. खांद्यावर थोपटलं असतं तर अंबिका थांबली असती. पण थांबली की परतली असती आणि उद्या गाडीवरून श्रीशैलला जाणं राहिलं असतं. रत्नम्मा दात आवळून बसली.

कंधारला रसवंतीपाशी तिला उतरताच येईना. अंबिकेने काखेत हात घालून उतरवलं.

“अव्वा, झालं आता. शॉकअप बदलले, अप्पाचं ऐकलं. उद्याचं बसचं तिकीट काढते. अप्पा काय बघायला येऊन राहिलेत का?”

रत्नम्माने नाही म्हणून जोरात मान हलवली.

“मान हलवून कंबर बरी होती का?” अंबिका मोबाइलवर बस शोधू लागली.

ऊन डोक्यावर होतं. रत्नम्माने पदराआडून गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

“स्प्रिंग सैल कर म्हण त्या मिस्त्रीला,” ती म्हणाली. “म्या कुठं आवळ म्हणले होते?”

अंबिकेचा अंगठा थांबला. सोमवारी, भर दिवसा, आईचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

“अव्वा, तुझं मौन…”

“मोडलं. शिवाला सांगते मी. तुझ्या अप्पाला कुठं सांगू?”

अंबिकेने मोबाइल पर्समध्ये टाकला. परतताना तिने गाडी सायकलच्या चालीने आणली. श्रीमंतने दोन्ही स्प्रिंगा सैल केल्या. “मावशी, आधीच बोलला असता तर?” त्याने विचारलं. त्या संध्याकाळी रत्नम्माची पूजा नेहमीपेक्षा लांबली.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्नान, लिंगपूजा उरकून ती बाहेर आली. अंबिकेने सीटवर टाकायला उशी आणली होती. रत्नम्माने ती घेतली, झटकली आणि पायरीवर ठेवून दिली. पदर कमरेला खोचून ती मागे चढून बसली.

“चल,” ती हळूच म्हणाली.