उजव्या मनगटातली बंद वाट

मी एक जुनी नाडी आहे. पेडगावच्या चन्नबसप्पांच्या उजव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला माझा जन्म झाला आणि तिथेच मी गेले. सध्या आम्ही दोघेही जमिनीखाली बसलेलो आहोत. बसलेलो म्हणजे खरोखरच बसलेलो. आमच्या लिंगायत घरात माणसाला आडवं पुरत नाहीत. मित्रांनो, घाबरू नका. इथे निवांत आहे, आणि मध्येच कुणी उठून जाणार नाही अशा जागी बोलायची माझी जुनी हौस होती.

चन्नबसप्पा, म्हणजे साऱ्या गावाचे अप्पा, भुसार मालाचे व्यापारी. तूर, हरभरा, सोयाबीनची पोती भरायची, दाभणाने शिवायची आणि सुतळीची गाठ मारायची. अप्पांची गाठ कधी कुणाला सुटली नाही. लोक पोतंच कापायचे. सैल गाठ त्यांना बघवत नसे. शेजाऱ्याच्या म्हशीचं दावंसुद्धा ते जाता जाता आवळून यायचे. अप्पा दिसले की म्हैस उठून उभी राहायची. या सगळ्या आवळण्याला रक्त मी पुरवायचे, पण नाव हाताचं व्हायचं.

माझं कौतुक झालं ते एकदाच. अप्पांच्या छातीत कळ आली आणि त्यांना परभणीला हृदयाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला दोन बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "वा! अशी नाडी क्वचित मिळते." मी लाजले. नाडी लाजली की जोरात उडते आणि ते समोरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसतं.

डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा अप्पा म्हणाले, "डाक्टर, तुमचं दाभण लय बारीक हाय. याच्यानं पोतं शिवायचं म्हणलं तर हंगाम सरंल."

मग एक बारीक नळी माझ्यात शिरली. कोपरावरून, खांद्यातून ती थेट हृदयापर्यंत गेली आणि तिथली तुंबलेली वाट उघडून परत आली. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं काम. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण अप्पांनी चहा मागितला.

नळी काढल्यावर मनगटाला हवेचा पट्टा बांधला होता. अर्पिता सिस्टर त्यातली हवा थोडी थोडी काढत गेल्या. शेवटी पट्टा निघाला आणि माझ्यावर फक्त एक चिकटपट्टी उरली.

"आता यावर काही बांधायचं नाही, अप्पा," सिस्टर म्हणाल्या. "रक्त वाहू द्या आतून."

"एवढ्याशा पट्टीवर सोडायलाय मला?" अप्पा म्हणाले. "सगळं रगत गादीवर यील की!"

"नाही येत. रक्त थांबलंय."

सिस्टर वळल्या. अप्पांनी उशीखालून दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढली, एक टोक दातांत धरलं, दुसरं डाव्या हातात, आणि पोत्याची गाठ मारली. वरून सदऱ्याची बाही ओढली. पेडगावला पोचल्यावर त्यांच्या बायकोने, चन्नबसम्मांनी, ती दस्ती विळीवर धरून कापली.

तोवर मी गेले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. करंगळीकडची माझी बहीण एकटीच सगळा हात जगवत होती. बोटं ऊन, गाठी पहिल्यासारख्याच घट्ट. मित्रांनो, आपण गेल्यावर कुणाचं काही अडत नाही, हे आतून बघणं फारसं सुखाचं नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पा दुकानातच छाती धरून पोत्यावर बसले. पुन्हा परभणी, पुन्हा तेच डॉक्टर. त्यांनी ओळखीच्या माणसासारखी माझ्यावर बोटं ठेवली. मग जरा वर. मग जरा खाली.

"घावंना का?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, ही नाडी बंद पडलीय. मागच्या वेळी काही बांधलं होतं का?"

अप्पा घामाने निथळत होते, तरी त्यांची मान ताठ झाली. "बांधलं की! दस्ती. माझी गाठ हाय डाक्टर, थेंब बी गळला न्हाई."

अर्पिता सिस्टर खाली बघू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या जांघेतल्या वाटा साखरेनं आधीच बुजल्यात. आता डाव्या हातातून जावं लागेल. लगेच."

"डाव्या न्हाई."

रोज सकाळी अप्पा गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचे आणि पूजा करायचे. त्या हाताने त्यांनी कधी पैसा घेतला नाही की चप्पल उचलली नाही.

"तळहाताला हात लावत नाही," डॉक्टर म्हणाले. "अंगठ्याच्या मुळाशी, हाताच्या पाठीवरून जातो."

"पाठ बी त्याच हाताची ना? रगत लागल्यावर देवाला कसं बसवू तिथं?"

वर हृदयाचा एक कोपरा विझत चालला होता. मला ते कळत होतं. पण सांगणार कशी? नाडीला बोलायचं तर उडावं लागतं.

चन्नबसम्मांना आत बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदर खोचला. "अवो, आपल्यात जल्माचं सुतक न्हाई, मरणाचं न्हाई. अंगावर लिंग असल्यावर इटाळ न्हाई म्हून तुमीच जगाला सांगत फिरता. मंग ह्या सुईचाच इटाळ कुठून काढला?"

अप्पांनी ते शब्द मालासारखे तोलून बघितले. त्यांना तोलायला कायम वेळ लागायचा.

"बरं," ते म्हणाले. "घाला."

डाव्या हातातल्या माझ्या बहिणीने नळी अलगद आत घेतली. वाट उघडली. पण वाट उघडली तेव्हा पलीकडचं गावच उठून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा लिंगैक्य झाले.

घरी त्यांना भस्म लावून, भिंतीला टेकवून बसवलं. विधीला आलेल्या स्वामींनी त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, पण बोटं काही मिटेनात. म्हणून त्यांनी कापड गुंडाळलं आणि आवळायला लागले.

"सैल बांधा, स्वामी," चन्नबसम्मा म्हणाल्या. "हात भरून यील त्यांचा."

स्वामींनी गाठ सैल केली. अप्पा काहीच बोलले नाहीत. तेव्हा कुठे घरातल्या लोकांना रडू फुटलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मनगटातून हृदयाचा इलाज करून आलं, तर त्याची बाही एकदा वर करून बघा. सांगितलं नसताना काही बांधलेलं दिसलं, तर लगेच सिस्टरना, डॉक्टरांना दाखवा. तो माणूस तुमच्यावर ओरडेल. ओरडू द्या. ओरडणाऱ्या माणसाची नाडी लागते.