पांझरेकाठचे केदेश

पिंपळनेरच्या मिशन शाळेतले जीवराम मास्तर पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, गावे अंगणात चुन्याच्या रेघा ओढून शिकवीत. मूळ ठिकाणापासून तसूभरही ढळायचे नाही असा त्यांचा बाणा. पण दूरदेशीची गावे डोंगरातल्या माणसांच्या गळी उतरावीत, म्हणून त्यांनी एका रविवारी त्या बाण्याला मुरड घातली. पांझरा नदीला यार्देन नदी केले, धुळ्याला शखेम, नदीपलीकडच्या देवपुराला रामोथ. आणि शाळेचे आवार डोंगराला लागून, म्हणून त्याला केदेश.

ही शास्त्रातल्या सहा आश्रयनगरांपैकी तीन, असे त्यांनी समजावले. ज्याच्या हातून नकळत माणूस दगावला, त्याने यांपैकी जवळचे नगर गाठावे आणि वेशीत उभे राहून आपली हकीकत सांगावी. तिथे मेलेल्याच्या भावाला त्याच्यावर हात टाकता येत नसे. वैराने मारणाऱ्याला मात्र तिथे थारा नव्हता. "यार्देन दक्षिणेला वाहते आणि पांझरा पूर्वेला, हे विसरू नका," असे त्यांनी तीनदा बजावले. ऐकणाऱ्यांना नेमके तेवढेच आठवले नाही.

बुधवारी ऐन दुपारी मंगा भील धावत आला आणि फाटकाच्या काठ्यांना धरून उभा राहिला. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा होता.

"मास्तर, पातं निसटनं. रेवजीना डोकामा लागनं. रेवजी मरी गया." त्याला धाप लागली होती. "पुन्या मांगे शे. मझार येऊ द्या. हाई केदेश शे ना?"

मिशनचे साहेब धुळ्याला गेलेले, पोरे घरी पांगलेली. आवारात मास्तर आणि त्यांची बायको यशोदाबाई, दोघेच.

"मंगा, केदेश समुद्रापलीकडे आहे," मास्तर म्हणाले. "मी केवळ दाखला दिला होता."

"तठेलगून कसा पळू, मास्तर?"

मास्तर दाखला आणि वस्तू यांतला भेद विशद करू लागणार, एवढ्यात यशोदाबाई ओसरीवरून उतरल्या. "अहो, अंगणात गाव वसवलंत ते तुम्हीच ना? आता माणूस आला, तर गाव नाही म्हणता?" आणि त्यांनी स्वतःच फाटक ओढले.

मंगा आत शिरला तोच टेकाडावर सहा जण दिसले. पुढे रेवजीचा भाऊ पुन्या. त्याच्या खांद्याला तिरकमठा, कमरेला फडक्यात गुंडाळलेले पाते. मास्तर फाटकात आडवे उभे राहिले. पुन्या टेकाड उतरून त्यांच्यासमोर आला, बाकीचे त्याच्या मागे.

"मास्तर, बाजूले व्हा."

"आधी ऐकून घ्यावं लागतं."

"रविवारे मीबी बठ्ठं ऐकं," पुन्या म्हणाला. त्याने तीर दोरीला लावला. "तुम्हीन खोटं बोलत नही. सांगा, हाई केदेश शे का नही?"

एक 'होय' म्हटले असते तर तीर खाली गेला असता. शास्त्रातले एक अक्षर वाकवायचे नाही म्हणून ज्यांनी साहेबांशी हुज्जती घातल्या होत्या, त्या मास्तरांनी एकदा मागे वळून मंगाकडे पाहिले.

"नाही," ते म्हणाले. "हे पिंपळनेर आहे."

दोरी ताणली गेली.

"पण विचारल्यावाचून माणूस मारू नये, हा नियम केदेशात होता तसा इथेही आहे. मी दोनच गोष्टी विचारीन. उत्तरांनी तुझं समाधान झालं नाही, तर मी बाजूला होईन."

यशोदाबाईंनी पदर तोंडावर दाबला. असले वचन देऊन टाकायला मास्तरांना कोणी सांगितले होते?

"या दोघांत वैर होतं?"

पुन्यामागचा म्हातारा खाकरला. "वैर कसानं? एकच ताटमा जेवेत."

"वैर नही," पुन्या म्हणाला. "पन भाऊ मरना ना."

"ते पातं इकडे दे."

पुन्याने म्हाताऱ्याकडे पाहिले. म्हाताऱ्याने मान हलवली, तेव्हा त्याने दोरी ढिली करून कमरेचे पाते पुढे केले. मास्तरांनी फडके सोडले, मंगाच्या हातचा दांडा पात्याच्या भोकात घातला. पाते सैल गरगरले. त्यांनी दांड्यावर नख ओढले; साल अजून हिरवी होती.

"ओलं लाकूड. चैत्राच्या उन्हानं आकसलं. पाचरही मारलेली नाही. हा दांडा कोणी बसवला?"

मास्तर मागे वळले.

"मंगा, कुऱ्हाड तुझी?"

"नही."

"मग कोणाची?"

मंगा मातीकडे पाहत राहिला. दोन कोस धावत आलेल्या त्या माणसाला जीव वाचवणारे उत्तर ठाऊक होते, आणि त्याने ते ओठांबाहेर काढले नव्हते.

"मन्ही शे," पुन्या म्हणाला.

तीर आपोआप खाली झाला. "दांडा मी बसाडा. पाचर सांजले मारू म्हनं. मंगानी सकायले मांगी, मी दिधी." तो फाटकातच उकिडवा बसला. मग विचारले, "मास्तर, मंग मी कोनता गावले जाऊ?"

मास्तरांनी सहाही नगरे मनात फिरून पाहिली. पाठलाग करणाऱ्यानेच आसरा मागितल्याचा एकही दाखला त्यांना आठवला नाही. आयुष्यात प्रथमच त्यांना दाखला नसल्याची लाज वाटली नाही. ते फाटकातून बाजूला सरले.

"आत ये. फौजदाराला चिठ्ठी पाठवू. उद्या धुळ्याला मी दोघांबरोबर येतो. इथं बोललात तेच तिथं बोला."

पुन्या उठला. उघड्या फाटकाकडे आणि आत उभ्या मंगाकडे त्याने पाहिले. पाऊल उचलले, आणि पुन्हा खाली ठेवले.

"पहिले भुरीबाईले सांगनं पडी," तो म्हणाला. भुरीबाई ही रेवजीची बायको. ती रानातून अजून परतली नव्हती. "दुसरानी सांगाले नको. मी सांगस, मंग येस."

तिरकमठा म्हाताऱ्याच्या हाती देऊन तो आल्या वाटेने एकटाच चालू लागला. बाकीचे थोडे अंतर राखून मागे गेले.

यशोदाबाई फाटक लावायला आल्या. मास्तरांनी त्यांचा हात धरला.

"असू दे," ते म्हणाले. "तो येतो म्हणाला आहे."